गेंड्याची जागा

९ जून, रविवार

प्रिय गेंड्या,

स. न. वि. वि. हे नवऱ्याला लिहितात की नाही, मला माहीत नाही. वेगळ्या गावी राहणाऱ्या नवऱ्याला लिहितात का, हे तर मुळीच माहीत नाही. तेव्हा ते लिहिलं असं समज.

मी बरी आहे. तूही बरा असशील. तिथल्या लिफ्ट इथल्यापेक्षा कमी अडकतात का, की तिथेही तुला दुरुस्तीला पळावं लागतं? प्रेसमध्ये सध्या खोकल्याच्या औषधाचं पत्रक चालू आहे. सात घड्यांचा कागद आणि मुंगीएवढी अक्षरं. मागच्या आठवड्यात 'झोप येऊ शकते' ऐवजी 'झोप घेऊ शकता' असं छापायला निघालं होतं, मी पकडलं. साहेब म्हणाले, खरं तर हेच वाचायला जास्त बरं वाटतंय.

पत्र अशासाठी, की फोनवर तू 'बरं, ठेवू?' म्हणतोस आणि मेसेजला अंगठा पाठवतोस. अंगठ्याला पुढे काय विचारायचं? आणि मला विचारायचं आहे.

रविवारच्या ऑनलाइन खेळाच्या टीममध्ये तुझी जागा आता मी घेतली आहे. चौदा महिने आम्ही पाच जणच होतो, आणि टँकच्या जागी, म्हणजे सगळ्यांच्या पुढे ढाल घेऊन, सहावा कुणीतरी अनोळखी यायचा. गेल्या रविवारी असाच एक टँक अर्ध्या डावात निघून गेला. कवायतीचे मास्तर म्हणाले, आता हे बास, आपल्यातलाच कुणीतरी पुढे उभा राहील. जुळ्या म्हणाल्या, आम्ही आपल्या लांबून बंदूक मारायला बऱ्या. डेंटिस्ट म्हणाला, मागे राहून बरं करणारा हीलर मी होईन, वहिनी, तुम्ही व्हा पुढे. झालं. दुपारी तीनला मी तुझं पात्र, तो ढालवाला गेंडा, निवडलं आणि पाचपर्यंत सातांपैकी सहा डाव हरून दाखवले.

मी काय केलं सांगू? ढाल वर केली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिले, बसथांब्यावर राहावं तशी. पलीकडचे सहाही जण माझ्यावर तुटून पडले. दहा सेकंदांत ढाल फुटली, बाराव्याला मी गेले, आणि विसाव्या सेकंदाला बाकीचे पाच जण. सहा वर्षं हीलर म्हणून तुझ्या मागे राहून मी तुला बरं करत होते. मला वाटायचं, तुझं काम मला पाठ आहे. प्रत्यक्षात मला फक्त तुझी पाठ माहीत होती.

तर सांग: ढाल खाली कधी करायची? मागे सरकायचं ते कशावरून ठरवायचं? आणि सगळे एकदम ओरडत असतात तेव्हा ऐकायचं कुणाचं?

तुझ्या बाबांचं ठीक आहे. वॉकर सुटला, आता काठी. दर गुरुवारी औषधं घेऊन जाते. तुझा विषय ते काढत नाहीत. मीही काढत नाही.

कळावे,
तुझी मागची


३० जून, रविवार

प्रिय गेंड्या,

तुझं उत्तर मिळालं. पाकिटात नऊ ओळी निघाल्या. त्यात 'कशी आहेस' नाही, पण अक्षर नीट काढलं आहेस, म्हणजे घाईत लिहिलं नव्हतंस.

'ढाल फुटेपर्यंत धरू नकोस. अर्धी झाली की खांबाआड जा, ती आपोआप भरते.' हे मी चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवलं. 'तू कुणाला मारलंस ते मोजू नकोस. ते तुझ्याकडे बघत राहिले की तुझं काम झालं.' हे समजायला एक अख्खा रविवार गेला. मला वाटायचं, टँक म्हणजे मार खाणारा. मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, 'छे हो, मार तर कुणीही खाईल. टँक म्हणजे जागा करून देणारा. तो दोन पावलं पुढे गेला की मागच्या पाच जणांना दोन पावलं मिळतात.' इतकं सरळ होतं, तर सहा वर्षं मी तुला 'कशाला पुढे पळतोस' म्हणून का ओरडत होते कोण जाणे.

आता बरं जमतं. खांबापासून खांबापर्यंत जाते. निघायच्या आधी 'जातेय' म्हणते, परतताना 'आले' म्हणते. डेंटिस्टच्या नजरेआड जात नाही, कारण त्याला मी दिसले नाही तर तो मला बरं करू शकत नाही. मागच्या रविवारी चार डाव जिंकलो. जुळ्यांपैकी एक म्हणाली, 'वहिनी, तुमच्या मागे उभं राहिलं की जेवणाची सुट्टी असल्यासारखं वाटतं.' दोघी कुरियरच्या ऑफिसात दिवसभर पार्सलांवर शिक्के मारत असतात, तेव्हा हे मोठंच सर्टिफिकेट म्हणायचं.

आपले जुने डाव खेळात साठवलेले आहेत, माहीत आहे ना? एक काढून बघितला. त्यात कुठल्याही खेळाडूच्या डोळ्यांनी डाव बघता येतो. मी तुझ्या डोळ्यांनी बघितला. पुलावरचा, मी ज्याच्यानंतर तुझ्याशी दोन दिवस बोलले नव्हते तो. माझं म्हणणं होतं, तू पूल सोडून भलतीकडे पळालास म्हणून हरलो. तर तू पळाला नव्हतास. माझ्या मागून एक जण आला होता, मला कळलंही नव्हतं, आणि तू पूल सोडून मला झाकायला आला होतास. तू तेव्हा हे सांगितलं का नाहीस? असो. तू सांगत नाहीसच.

आजचं एक सांगायचं आहे. शेवटच्या डावात मी पुढे गेले आणि पडले. मास्तर चिडले. 'वहिनी, सांगितलं होतं ना, एकट्याने जाऊ नका!' मी 'चुकलं' म्हणाले. विषय संपला असता. तर डेंटिस्ट म्हणाला, 'एक मिनिट. त्या सांगून गेल्या होत्या. मीच पाणी प्यायला उठलो होतो. चूक माझी आहे, उगीच त्यांच्या नावावर नको.'

एवढंच. चार वाक्यं. कुणाला काही वाटलंही नाही. मास्तर म्हणाले, 'बाटली जवळ ठेवत जा रे', आणि जुळ्या हसल्या. मी हेडफोन काढून ठेवले. पुढचा डाव खेळले नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं.

बाकी विशेष काही नाही. या गुरुवारी बाबांकडे गेले नव्हते. औषधं जुळ्यांच्या हाती पाठवली होती. पुढच्या गुरुवारी पण तसंच करावं म्हणते.

तुझी,
मी


१८ जुलै, गुरुवार

प्रिय,

हे पत्र जुळ्यांच्या कुरियरने पाठवतेय, उद्या दुपारपर्यंत तुझ्या हातात पडेल. पूर्ण वाच. फोन केला असता तर तू 'कशाला सांगितलंस' म्हणाला असतास आणि मी गप्प बसले असते. मला गप्प बसायची सवय आहे, तुला माहीतच आहे.

मागच्या गुरुवारी मी बाबांना सांगितलं.

जे घडलं ते जसंच्या तसं, याच शब्दांत त्यांना सांगितलं: मला लायसन्स मिळून तीन आठवडे झाले होते. आम्ही तुमच्याकडून जेवून निघालो, मी चालवायला बसले. गाडी मागे घेत होते. जुळ्यांचा मेसेज वाजला, रविवारचा डाव किती वाजता म्हणून. मी खाली बघितलं. मी वर विसरलेला चष्मा द्यायला तुम्ही खाली आला होतात. मग आवाज झाला. हा म्हणाला, 'तू सरक.' मी म्हटलं, 'काय?' हा म्हणाला, 'सरक म्हणतो ना, बाबांकडे बघू आधी', आणि माझ्या अंगावरूनच दार उघडून उतरला. वॉचमन पळत आला तेव्हा हा तुमच्याजवळ गुडघ्यांवर होता आणि म्हणत होता, 'मी चालवत होतो, माझ्या हातून झालं.' मी सीटवर सरकून बसले होते. खरंच सरकले होते.

तू का तसं म्हणालास, ते मला त्या संध्याकाळी दवाखान्याच्या जिन्यात सांगितलं होतंस. 'मुलावर चार दिवस चिडतील. तुझ्यावर चिडले तर जन्मभर.' तुझा हिशेब चुकला. त्यांचं खुब्याचं हाड सांधलं, पण तुझ्याशी ते बोलले नाहीत. दोन महिन्यांनी तू मला म्हणालास, 'आता सांगून टाक, मला फार दमायला झालंय.' मी म्हणाले, 'थोडं थांब, त्यांची तब्येत बघ.' तू आठ महिने थांबलास. मग गेलास. त्याला आपण बदली म्हणतो.

हे सगळं तुला माहीत आहे. एक मात्र माहीत नसेल. त्या दोन वर्षांत बाबा खालच्या मजल्यावर, वाण्याकडे, दवाखान्यात सगळीकडे सांगायचे, 'पोटच्या पोरानं मोडलं आणि सुनेनं उभं केलं.' माझ्यादेखत सांगायचे. मी औषधाची पिशवी धरून उभी असायचे. पहिल्यांदा कानकोंडं झालं. नंतर सवय झाली. नंतर, खरं सांगते, आवडायला लागलं.

मी सांगितलं तेव्हा ते जुना तराजू उघडून बसले होते. रिटायर झाले तरी कुणी ना कुणी वजनकाटा दुरुस्तीला आणून देतंच. माझं बोलून झाल्यावर त्यांनी स्क्रू डबीत ठेवला.

'परत सांग,' म्हणाले.

मी परत सांगितलं. दुसऱ्यांदा जास्त अवघड गेलं.

'म्हणजे दोन वर्षं तू इथे येऊन बसत होतीस.'

'हो.'

'आणि मी तुझं कौतुक करत होतो.'

'हो, बाबा.'

'आणि त्याला मी माझ्या दारातून परत पाठवलं. उधार मागायला आलेल्याला पाठवावं तसं. चहासुद्धा विचारला नाही.'



'तू जा आता,' म्हणाले. आवाज चढवला नाही. मला वाटलं होतं चढवतील. औषधं टेबलावर ठेवली तर म्हणाले, 'तीही घेऊन जा. मी आणीन माझी.' मी घेऊन आले. जिन्यात पहिल्या मजल्यावरच बसून राहिले. वॉचमनने पाणी हवं का विचारलं. तोच वॉचमन. त्यालाही सांगून टाकलं. तो म्हणाला, 'मॅडम, मला तेव्हाच वाटलं होतं. उजवीकडे, चालवायला तुम्ही बसताना मी बघितलं होतं.' म्हणजे त्याला माहीत होतं आणि तोही गप्प होता. आपल्यावर किती माणसांनी उपकार केलेले असतात, आपल्याला पत्ताच नसतो.

पाच दिवस काही नाही. रविवारी मी खेळले. वाईट खेळले. डेंटिस्टने विचारलं, 'सगळं ठीक ना?' मी म्हणाले, 'नाही, पण होईल.' त्याने पुढे विचारलं नाही.

काल सकाळी बाबांचा फोन आला.

'त्याचा पत्ता सांग. सावकाश सांग, मी लिहून घेतोय.'

मी सांगितला. पिन कोडसकट.

'शनिवारी सकाळी आठची बस आहे. सव्वाएकला पोचते.'

'बाबा, पाच तास बसवेल का? मी सोबत येते.'

'तू नको.'  मला वाटलं फोन ठेवला. 'तू नंतर कधीतरी. आत्ता नको.'

'त्याला फोन करून सांगू?'

'फोनवर तो नको म्हणेल. मला ओळखतो तो, आणि मी त्याला ओळखतो. निदान तसं वाटत होतं मला.'

'तुम्ही काय बोलणार त्याच्याशी?'

'माहीत नाही गं. आधी पोचू तर दे.'

ते 'गं' मी आज दिवसभर मनात घोळवलं. त्यातून फार काही काढू नये, हे कळतं मला.

तेव्हा शनिवारी स्टँडवर जा. एक वाजताच जा, बस कधी कधी लवकर येते. ते खिडकीतून तुला शोधत असतील, पण तसं दाखवणार नाहीत. उतरताना बसची पायरी उंच असते. उतरायला उजवा पाय आधी, चढायला डावा आधी. हात धरू नकोस, त्यांना आवडत नाही. नुसतं कोपर पुढे कर, ते स्वतः धरतात. रिक्षात आधी त्यांना बसू दे आणि काठी तू घे. घरी लाकडी खुर्ची नसेल तर शेजाऱ्यांकडून आण, मऊ सोफ्यातून त्यांना उठता येत नाही. गोळ्या सकाळी दोन आणि जेवणानंतर एक. विसरतात आणि घेतल्या म्हणतात, तेव्हा पाकीट बघ.

माझ्याबद्दल ते काही बोलले तर माझी बाजू घेऊ नकोस. ही एवढी एक गोष्ट माझ्यासाठी कर. जे म्हणतील ते म्हणू दे, ते माझं आहे, माझ्यापर्यंत येऊ दे. मला लिहायचं की नाही, यायचं की नाही, ते तू त्यानंतर ठरव. घाई नाही. खरं म्हणजे आहे, पण तुला दिसू नये एवढी.

'मला माफ कर' असं वर दोनदा लिहिलं होतं. दोन्ही वेळा खोडलं, कारण माफी मागितली की तू लगेच 'असू दे' म्हणतोस. यावेळी लगेच म्हणू नकोस.

तुझ्यासाठी पहिल्यांदाच तोंड उघडलेली,
तुझी बायको