उत्तरपत्रिकेच्या डोक्यावर श्री

जुळे सोलापूर,
श्रावणातला दुसरा सोमवार

ती. कुंडलिकदादास,

धाकट्या सारजेचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (पायावर डोकं ठेवलं असतं, पण मी एकदा खाली वाकले की मला उठवायला दोन माणसं लागतात, हे तुला ठाऊक आहे.) तुझा गुडघा कसा आहे? कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून तू दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारतोस आणि कोणी थांबलं नाही की चिडतोस, असं वहिनी सांगत होत्या. अकलूजच्या लोकांना कामं असतात, दादा. आता फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशीलच. फोनवर मी तिसरं वाक्य सुरू केलं की तू 'बरं बरं, ठेवतो' म्हणतोस. पत्र मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

पत्राच्या डोक्यावर श्री नाही हे तुझ्या लक्षात आधीच आलं असेल. आईने आपल्याला कोऱ्या कागदावर श्री लिहिल्याशिवाय दुसरं अक्षर म्हणून काढू दिलं नाही. एकदा तू थेट उजळणीला हात घातलास तर पाटी फडताळावर गेली आणि तुला जेवण उशिरा मिळालं. तर मी काही देवधर्म सोडलेला नाही. श्री का नाही ते सांगते, पण सुरुवातीपासून सांगते.

माझ्याकडे दुर्गा राहते ती तुला माहीत आहे. जेऊरची, जन्मापासून दिसत नाही, इथल्या कॉलेजात बी.ए.ला होती. मी डबे देते आणि मागची खोली मुलींना देते, तशी ती तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. पहिल्याच दिवशी घरभर हात फिरवून कुठे काय आहे ते पाठ केलं, आणि आठवड्याभरात माझी सांडशी कुठे आहे हे मी तिला विचारायला लागले. मोबाइलवर पुस्तकं ऐकते, तीही इतक्या वेगाने की मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. अभ्यासाला तोड नाही. पण परीक्षेत उत्तरं तिने सांगायची आणि दुसऱ्या कोणीतरी लिहायची, त्याला लेखनिक म्हणतात, आणि हे लेखनिक म्हणजे तिच्या कुंडलीतला शनी. पहिल्या वर्षी लेखनिक मुलगी मामाच्या लग्नाला निघून गेली. दुसऱ्या वर्षीची राज्यशास्त्राच्या पेपरला वर्गात झोपली (खरंच झोपली, दुर्गा दहा मिनिटं झोपलेल्या पोरीला उत्तर सांगत होती). तो पेपर गेला तो गेलाच. यंदा शेवटचं वर्ष, मागचा पेपरही काढायचा होता, आणि तिच्या वडिलांनी जेऊरहून निक्षून सांगितलं होतं, यंदा अडलीस तर सामान घेऊन घरी ये. ते वाईट नाहीत रे. दर वेळी पोरगी रडलेली ऐकून दमले होते.

आणि परीक्षेच्या चार दिवस आधी यंदाच्या लेखनिकेला कांजिण्या आल्या.

लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा असा नियम आहे, म्हणजे तो स्वतःच्या डोक्याने उत्तरं लिहीत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे इंजिनिअर, बँकवाले, शिक्षक. कमी शिकलेलं माणूस शोधता शोधता दुर्गा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, तुमी धावीच हाय की." मी कॉलेजच्या ऑफिसात गेले. दहावीच्या मार्कलिस्टची जुनी झेरॉक्स होती, अक्षरं निम्मी उडालेली. क्लार्कने ती उजेडाकडे धरून पाहिली आणि तीनदा विचारलं, "बाई, दहावीच्या पुढे नक्की काही नाही ना? टायपिंग? कुठला कोर्स?" नाही म्हटल्यावर इतका खूश झाला की चहा मागवला. दादा, कमी शिकल्याबद्दल माझं असं कौतुक चाळीस वर्षांत कोणी केलं नव्हतं.

पहिलाच पेपर नेमका तो बुडालेला. लेखनिकांची खोली दुसऱ्या मजल्यावर, कारण आमच्या बोलण्याने बाकीच्यांना त्रास होतो. आता दुर्गा जिना पायऱ्या मोजत धडाधडा चढते. अडले मी. (कागदावर मी दिव्यांग, गावात अजून लंगडी सारजी, पण पाय तोच आहे, दोन्हीकडे सारखाच दुखतो.) शिपायाने धावत येऊन दुर्गाचा हात धरला तर ती म्हणाली, "मला नगं, हितं मागं बगा." शेवटी दिसत नसलेल्या पोरीने मला दंडाला धरून वर नेलं, आणि प्रत्येक वळणावर "आता सात ऱ्हायल्या मावशी, आता सहा" असं सांगत राहिली.

लिहायला बसलो. आमच्यासाठी वेगळे पर्यवेक्षक आणि त्यांच्यावर वरिष्ठ पर्यवेक्षक धुळाप्पा सर, अक्कलकोटकडचे, नियमांचं पुस्तक खिशात ठेवणारे गृहस्थ. मी उत्तरपत्रिका उघडली, दुर्गा सांगू लागली, मी लिहू लागले. पंचायत राज आणि महिलांचं आरक्षण असा प्रश्न होता. तिने झकास उत्तर सांगितलं, पण आपल्या सरपंचबाईंच्या सह्या त्यांचे मालकच करायचे ते त्यात नव्हतं, म्हणून मी हळूच विचारलं, तेही घालू का? ती म्हणाली, "मावशी, म्या सांगते तेवढंच लिवा. तुमचं मत परीक्षेला बसल्यालं न्हाय." मी तोंड मिटलं. अर्धा तास असा छान गेला, आणि धुळाप्पा सर माझ्या मागे येऊन थांबले. थांबले ते हलेनात.

पहिल्या पानाच्या डोक्यावर, मधोमध, दोन दोन उभ्या रेघांच्या आत, सुबक अक्षरात मी श्री लिहिलेलं होतं. देवाशपथ सांगते, कधी लिहिलं ते मला आठवत नाही. हात गेला आणि आला. पण उत्तरपत्रिकेवर देवाचं नाव, स्वतःचं नाव, कसलीही खूण चालत नाही. तपासणाऱ्याला ओळख पटवायची खूण धरतात आणि कॉपी केस करतात. सरांनी पुस्तक काढून मला तो नियम वाचून दाखवला. पोरीचं वर्ष, जेऊरचं सामान, तिच्या बापाचा आवाज, सगळं डोळ्यांसमोर आलं. मी म्हणाले, सर, चूक माझी, तिने सांगितलंच नव्हतं, काय शिक्षा द्यायची ती मला द्या. तेवढ्यात दुर्गा उठून उभी. "सर, म्याच सांगितलं हुतं लिवायला. मावशीला कायबी बोलू नगा." सर डोक्याला हात लावून खाली बसले. ती खरं बोलत असेल तर परीक्षार्थीने खूण करवली. मी खरं बोलत असेन तर लेखनिकाने स्वतःच्या मनाने लिहिलं. दोन्ही गुन्हेच. "आधी दोघींत कोण खोटं बोलतंय ते ठरवा," असं म्हणून त्यांनी माझ्यापुढे कोरा कागद टाकला आणि घडलं ते लेखी द्या म्हणाले.

मी रडत रडत लिहून दिलं. सरांनी कागद हातात घेतला, पाहिला, चष्मा काढला, पुसला, परत पाहिला. म्हणाले, "बाई, हे काय?" मी म्हणाले, निवेदन. "ते कळलं. त्याच्या वर काय लिहिलंय?"

दादा, वर श्री होतं. दोन दोन रेघांसकट.

धुळाप्पा सरांनी तोंडावर रुमाल धरला. खांदे हलत होते. दुर्गा घाबरून "काय झालं, काय झालं" विचारत होती, तर सरांनी तिला सांगितलं आणि तीही हसत सुटली, आणि मी दोघांच्या मध्ये नाक पुसत बसले. मग रुमाल खिशात गेला आणि सर पुन्हा सर झाले. "पोरी, खोटं तू बोललीस. आता गप बसून पेपर लिही." अहवाल मात्र त्यांनी केलाच, नियम म्हणजे नियम. पण माझं निवेदन त्याला जोडलं, खाली दोन ओळी लिहून सही केली, आणि गेलेली पंचवीस मिनिटं घड्याळ बघून मोजून परत दिली. पुढच्या प्रत्येक पेपरला मी उत्तरपत्रिका उघडली की दुर्गा पहिल्या पानाच्या वरच्या भागावर तळहात ठेवून बसायची आणि मी चार ओळी लिहीपर्यंत उचलायची नाही. तिसऱ्या पेपरपासून खोलीही तळमजल्यावर आली. दुर्गाने अर्ज दिला होता. क्लार्क म्हणाला, सोयीचा नियम परीक्षार्थीसाठी आहे, लेखनिकासाठी नाही. ती म्हणाली, मग नियमात लिवा की. नियमात लिहिलं की नाही ठाऊक नाही, खोली आली.

जूनमध्ये सगळ्यांचे निकाल लागले, आणि दुर्गाच्या नावापुढे आलं 'राखीव', म्हणजे चौकशी होईपर्यंत निकाल अडवून ठेवलेला. जेऊरहून फोन आला, आता बास झालं. तिने बॅग भरली. मला इतकं अपराधी कधी वाटलं नव्हतं, मी पोरीच्या ताटात माती कालवली असं वाटायचं. मी तिची बॅग उचलून माझ्या कपाटात ठेवली, कुलूप घातलं, आणि विद्यापीठाच्या समितीचं बोलावणं येईस्तोवर कागदावर श्री लिहिणं बंद केलं. समितीपुढे मी पिशवी भरून पुरावे नेले. लोणच्याच्या कृतींची वही, भिंतीवरचं कॅलेंडर, वाणसामानाच्या याद्या, चिठ्ठ्या लावलेले डबे आणि बाटल्या. श्री, खाली हळद. श्री, खाली मोहरी. एक मॅडम बाटली फिरवून बघत म्हणाल्या, "अहो, हे फिनेलवर पण?" मी म्हणाले, त्यालाही शुभ नको का? दुर्गाने मात्र विनोद केला नाही. ती उभी राहून म्हणाली, तीन वर्षांत हे पहिलं माणूस जे माझ्या पेपरला वेळेवर आलं आणि जागं राहिलं. यांच्यामुळे माझा निकाल अडवणार असाल तर अडवा, पण पुढच्या पोरीला वेळेवर येणारा लेखनिक द्या. आठ दिवसांत निकाल सुटला. पहिला वर्ग, दादा! आणि तो बुडालेला पेपर अडुसष्ट मार्कांनी निघाला. गेल्या महिन्यात तिचा एम.ए.ला प्रवेश झाला. जेऊरहून तिचे वडील पेढे घेऊन आले आणि माझ्या दारात अवघडून उभे राहिले. मी त्यांना आत बसवून भरपूर बोलले आणि भरपूर जेवायला घातलं.

तर ही सगळी हकीकत. आता मी कानाला खडा लावला आहे. परीक्षा, उत्तरपत्रिका, जिने, समित्या, या वयात मला हे काही नको. मी बरी, माझे डबे बरे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
सारजा

ता. क. वहिनींसाठी शेंगाचटणी वेगळी पाठवते आहे. डबा परत पाठवावा. (चिठ्ठीवर या वेळी नुसतंच 'चटणी' आहे, घाबरू नये.)

ता. क. २. वर कानाला खडा लावला म्हणाले ते खरं नाही. दुर्गा एम.ए.ला गेल्यापासून माझ्या मागे लागली आहे. म्हणते, "लेखनिक एक पायरी खाली असला की झालं. मी फुडं गेले, आता तुमी बी या की एक पायरी वर." मी बारावीला बाहेरून बसते आहे. सतरा नंबरचा फॉर्म आणलाय. ती मला रोज एक तास शिकवते आणि झोपू देत नाही. पत्रावर श्री नाही ते यासाठीच. फेब्रुवारीपर्यंत हाताची सवय मोडायची असा तिचा हुकूम आहे.

ता. क. ३. आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला आणि अस्सल मार्कलिस्ट लागते. दोन्ही तुझ्या पत्र्याच्या पेटीत आहेत, तुझ्या कारखान्याच्या कागदांखाली. (मला एकाहत्तर टक्के होते, तुला अठ्ठेचाळीस. पेटी उघडशील तेव्हा दोन्ही बघ.) दहावीपर्यंत तू मला सायकलवर मागे बसवून शाळेत नेलंस, हे मी एक दिवस विसरले नाही. मग कॉलेजचा वर्ग माडीवर निघाला आणि अण्णा म्हणाले, पोरीला रोज कोण उचलून नेणार? तू दाराशी उभा होतास. काही बोलला नाहीस. एकोणीस वर्षांचा होतास, काय बोलणार होतास. पण मला वाटलं होतं, तू बोलशील. हे आजवर सांगितलं नव्हतं, आज सांगितलं, आता माझ्या मनात काही नाही.

कागद पोस्टाने पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये, पुढच्या सोमवारच्या आत. आणि फेब्रुवारीत पहिल्या पेपरला मला सोडायला ये. सायकल नको, तुझ्या गुडघ्याला झेपायची नाही, आपण रिक्षा करू.

ता. क. ४. दुर्गाला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणते, ही काय उत्तरपत्रिका न्हाय, एवढं एक लिवा. तिने कागदावरून हात उचलला आहे.

॥ श्री ॥