तू विसरलेला स्वेटर

ताई,

तू तुझ्या घरी परत गेलीस तेव्हा मला हायसं वाटलं, हे तुझ्या तोंडावर कधीच बोलणार नाही. माझ्या आजारपणात सहा महिने माझ्या लेकीला तूच सांभाळलंस. आता मी घास पुढे केला की म्हणते, "मावशी असं नाही भरवत!" अंगाचा नुसता तिळपापड होतो.

तुझ्या स्वेटरचं बटण चाचपत ती झोपायची. मी तो माळ्यावर फेकला आणि खोटंच सांगितलं, "मावशीने परत मागवला." तीन दुपारी पोरीच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

आज शेवटी मीच तो अंगात घातला. ती कुशीत शिरली, बटण चाचपलं आणि डोळे मिटूनच म्हणाली, "मावशी?"

मी ओ दिली.

तुझ्यावर जळणारी, तुझीच
धाकटी