आपली लेक जिथं बाळंत होईल

आई, आज दूध संघाचे चेअरमन आपल्या दवाखान्यात आले आणि कुणी सांगायच्या आत दारातच चपला काढून उभे राहिले. तू असतीस तर चष्म्यावरून नुसतं पाहिलं असतंस. मी मात्र औषधांच्या खोलीत जाऊन मनसोक्त हसून घेतलं.

त्या दुष्काळात जनावरं छावणीत गेली, दूध आटलं आणि सहकारी दूध संघाचं आपल्या गावातलं केंद्र बंद पडलं. पांढऱ्या फरशीच्या भिंती, मोठी टाकी, जनरेटर, सगळं कुलपात. अडलेल्या बाया शहरात नेताना धारूरच्या घाटातच दगावायच्या, म्हणून तू ते केंद्र दवाखान्यासाठी मागायला गेलीस. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली मी तुझ्या शेजारी पोट सांभाळत बसले आहे. चेअरमन हसतात. "डॉक्टरीणबाई, ऊसतोडीच्या बायांला एवढं कशाला लागतंय? सुईण हाय की. तुमी सोताच्या लेकीचं बाळंतपण करताल का हितं?"

तू पदर खोचून उठतेस. "करीन. जिथं माझी लेक नको, तिथं दुसऱ्याचीही नको. किल्ली द्या."

सासरच्यांनी शहरातलं मोठं हॉस्पिटल ठरवलं होतं, ते तू साफ उडवून लावलंस. टँकरचं पाणी उकळून घेतलंस, भिंती स्वतः घासल्यास, भूल द्यायला बीडहून मैत्रिणीला बोलावलंस. माझं बाळ रडलं तेव्हा खिडकीबाहेर एकच गलका झाला. "सोताच्या लेकीचं केलं गं बाई! आता कशाला भ्यायचं?" त्यानंतर आपला दवाखाना कधी रिकामा राहिला नाही.

आणि आज, इतक्या वर्षांनी, चेअरमनची नात पहिलटकरीण म्हणून आली. दारात गाडी उभी, पैशाला तोटा नाही, तरी पोरगी म्हणाली, "हितंच करा, बाई." तुझ्या जागी आता मी डॉक्टर, सिझेरियन मीच केलं. मुलगी झाली, ठणठणीत. शेजारच्या खाटेवर ऊसतोडीहून परतलेली बाळंतीण आहे. तशीच चादर, तेच औषध. चेअरमन दोन्ही बाळांकडे बघून म्हणाले, "तुमची आई जितली बघा." आई, मला इतका आनंद झाला की मी सगळ्या वॉर्डाला पेढे वाटले.

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून सांगून टाकते. माझ्या वेळी ऑपरेशनच्या टेबलावर झोपवताना तू विचारलंस, भीती वाटते का? मी नाही म्हणाले. लई वाटत होती. आणि तुझेही हात गार पडले होते, ते मला कळलं होतं.