बोटीतला देव्हारा

निपाणी, मंगळवार

प्रिय शालन,

तू रागावून लेकीकडं बेळगावला गेलीस, त्याला आज महिना झाला. वेंगुर्ल्याहून ट्रकनं आणलेली जुनी शिडाची बोट आपल्या अंगणात बघून लोक अजून विचारतात, "परशराम, औंदा पूर लई मोठा येणार व्हय रं?" मी हसतो. कुजलेल्या फळ्या बदलल्या. दोघांपुरती झोपायची जागा झाली; बोट परत समुद्रात सोडून तीतच राहायचं, हा माझा बेत अजून तोच आहे.

जाताना तू म्हणालीस, "त्यात देव कुठं बसवणार ते सांगा, मग राहायला येते." म्हणून मी सागवानी देव्हारा केला आणि पूर्वेकडं तोंड करून पक्का ठोकला. काल मार्तंड मास्तर बघून म्हणाले, "झ्याक झालाय. पण पाण्यात बोट फिरली की पूर्व कुठं जाणार?"

जमिनीवरचा माणूस मी, हे डोक्यातच आलं नव्हतं. तुला कळवूच नये, असंही वाटलं. पण देवाच्या बाबतीत लपवाछपवी नको. आज आंघोळ करून खिळे काढले. आता देव्हारा सुटा आहे. रोज सकाळी सूर्य उगवेल त्या अंगाला तो फिरवून ठेवायचा. दोन्हीकडं कड्या बसवल्यात, कारण एकट्याला तो उचलत नाही.

बोट घेताना तुला विचारलं नाही, ते माझं चुकलं. माफी पत्रात मागायची नसते, म्हणून हे टपालात टाकत नाही. अकराच्या गाडीनं मीच येतो. एक कडी तू धरशील का, एवढंच विचारायला.

तुझाच,
परशराम