जिवतीखालचं जनावर

आषाढ शु. ९, मंगळवार

सासूबाई शिमग्यात वारल्या. म्हणजे यंदा अवसेला भिंतीवर जिवती मला काढायची. ह्यांनी आजच चुना भिजत घातला. म्हटलं, थांबा, गेल्या वर्षीची आधी नीट पाहून घेते.

जिवती, तिच्या मांडीवर-खांद्यावर लेकरं, बाजूला पाळणा, एवढं मला येतं. माहेरी अकोल्यालाही काढत. पण तिच्या पायाशी सासूबाई एक जनावर काढायच्या. ते माहेरी नव्हतं, इथे अमरावतीतही दुसऱ्या कुणाच्या भिंतीवर पाहिलं नाही. एकदा विचारलं होतं. "काढत जाय, इचारत नको जाऊ." संपलं.

लेकीला, शेवीला, कालपासून ताप.

शु. १०, बुधवार

हे म्हणतात घोडा. "लगाम दिसून नाई राहिला का तुले?" तोंडाभोवती गेरूची दोरी आहे खरी. पण वर स्वार नाही, आणि घोडा मागून इतका बसका? शेजारच्या गोदाबाईंच्या मते जिवतीच्या छापील कागदावर बृहस्पतीचा वाघ असतो, तोच हा. वाघाच्या पाठीवर केस उभे कधीपासून? दोघांनाही खात्री. माळ्यांची घरं आमची. नुसत्या वासावरून फूल सांगतील, आणि चार पायांचं एक जनावर ओळखता येईना.

शु. १३, शनिवार

ताप तोच. काढा झाला, अंगारा झाला. शेवी पडल्या पडल्या भिंतीकडे बोट करून "भू भू" म्हणाली. म्हणजे कुत्रं. तिसरं मत. हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.

मग भीती वाटली. लेकराच्या आयुष्यासाठी काढायचं हे. ते जनावर राखणारं की खाणारं, हे कळल्याशिवाय हात कसा लावू? हे म्हणतात, सोडून दे मग. सोडलं आणि काही झालं तर? चौथी पास बाई मी, आणि गेरूला भिते.

व. १, मंगळवार

सरकारी दवाखान्यात नेलं. विषमज्वर. पातळ द्या, जपा, म्हणाले. जपतेच आहे.

परतताना डिप्टी साहेबाच्या कचेरीसमोर गर्दी. मेळघाटाकडच्या कुणी जनावर मारून इनामासाठी आणलेलं, बैलगाडीत पडलेलं. पुढून उंच, मागून बसकं. पाठीवर ताठ केस. पायांवर पट्टे. आमच्या भिंतीवरचंच. मी उभी राहिले ती राहिलेच. गाडीवाला म्हणाला, "तरस हाये बाई. लेकरू घेऊन नको थांबू इथं. पुरलेलं उकरते हे."

शेवीचं तोंड पदरानं झाकलं. ह्यांच्यासाठी तो घोडाच राहू दिला.

व. ४, शुक्रवार

मावशी, सासूबाईंची धाकटी बहीण, चांदूर रेल्वेहून शेवीला पाहायला आल्या. हे मळ्यात गेल्यावर विचारलं, भिंतीवर तरस का. मावशी मेथी निवडत होत्या. हातातली जुडी खाली ठेवली.

"तुह्या नवऱ्याच्या आंधी एक पोट्टी होती. वर्साची. तापातच गेली. नाल्याकाठी पुरली. दुसऱ्या दिशी तिची माय पाहाले गेली, तं खड्डा उकरेल होता."

पुढच्या अवसेपासून सासूबाई ते काढू लागल्या, आणि दर वर्षी त्याचं तोंड बांधत आल्या. लगाम नव्हेच तो.

"त्याले सांगजो नको. तिनं जलमभर नाई सांगतलं."

म्हणून आमच्या मळ्याचा नाल्याकाठचा तुकडा त्यांनी पडीक ठेवला. हे त्यावर कुरकुरायचे, आणि मीही ह्यांचीच री ओढायची. आज रडू आलं. त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, कोण जाणे.

व. ८

ताप उतरत नाही. मावशी गेल्या. शेवी आता "भू भू" पण म्हणत नाही.

व. १३, रविवार

ह्यांनी भिंतीला चुना दिला. कुंचा खालून सुरू केला, त्यामुळे जनावर आधी गेलं. पाहवेना, पण पाहिलं.

हात धुताना म्हणाले, नाल्याकाठी यंदा वांगी लावतो, आता माय नाही अडवायला. मी एकदम नको म्हणाले.

"काहून?"

तुम्हाला एक बहीण होती, एवढंच तर सांगायचं होतं. पण पुढचंही सांगावं लागलं असतं, आणि घरात हे असं लेकरू निजलेलं. "नको म्हटलं नं," मी पुन्हा म्हणाले. ते चिडून उठले.

अमावस्या

सकाळी हे फुलं घेऊन बाजारात गेले. मी गेरू कालवला. न काढायचंही मनात येऊन गेलं. ते काढायचं म्हणजे आपल्या घरातूनही एखादं लेकरू नाल्याकाठी जाऊ शकतं, हे कबूल करायचं. पण सासूबाईंनी केलं होतं कबूल. ह्यांना त्याच भिंतीखाली वाढवलं.

जिवती काढली. लेकरं काढली, पाळणा काढला. मग ते. पाय, बसकी कंबर, उभे केस. दोरी तेवढी राहिली होती, आणि शेवी विव्हळली. बोट तसंच लाल घेऊन धावले.

आता ती मांडीवर आहे. अंग तव्यासारखं. माझ्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरलंय. किंचित हलले तरी कण्हते. शाईची दौत हाताशी होती म्हणून हे लिहिते आहे. गेरूची वाटी पलीकडे भिंतीशी. समोर त्याचं तोंड मोकळं.

हे येतीलच एवढ्यात. राहिलेली दोरी त्यांनाच काढायला सांगायला हवी. घोड्याला लगाम घाला म्हणू, की तरसाचं तोंड बांधा म्हणू, ठरत नाही.