मैलाला चौदा सेकंद

प्रिय धाकट्या,

पत्र बघून हसशील. हातात फोन असताना ताईला कागद-पेन कुठून सुचलं म्हणशील. पण रविवारी धक्क्यावर चारचौघांत मी जे बोलले त्यानंतर तू माझा फोन उचलत नाहीस. उचललास तरी दुसऱ्या वाक्याला आपण भांडणार, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. कागदावर निदान तुला मध्येच तोंड घालता येत नाही. शिवाय माझ्या डोक्याचा सध्या असा काही भुगा झालाय की बोलायला गेले तर शेंडा आधी येईल आणि बुडखा नंतर. तेव्हा शेवटपर्यंत वाच. अर्धं वाचून फाडलंस तर बघ.

आधी तक्रारीचं सांगते, कारण तुला ती अर्धीच कळली आहे. शर्यतीत तुझ्या मागे राहिलेल्या आपल्या दातांच्या डॉक्टरांनी क्लबाला लेखी दिलंय. या हंगामातले दोन कप तुझ्या होडीने नेले. दोन्ही शर्यतींना वारा मंद होता आणि दोन्ही वेळा पाण्यातल्या तरंगत्या बोयाला वळसा घालून परत येताना, वारा पाठीशी असताना, तू पुढे निघालास. डॉक्टर सभ्य आहेत, सरळ लिहीत नाहीत, पण अर्थ एवढाच की क्लबात होड्या मोजणारी बहीण आणि शर्यतीत भाऊ, म्हणजे बहिणीने भावाला हँडिकॅपचा सैल आकडा दिला. सेक्रेटरींनी मला शुक्रवारपर्यंत मुदत दिली. उत्तर पटलं नाही तर दोन्ही कप परत जाणार, होडी हंगामातून बाहेर, आणि तुझ्या नावाला जे चिकटायचं ते चिकटणार. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, माणूस बोलतोय ते आकड्यांनी तपासून तर बघू.

हँडिकॅप म्हणजे काय हे मी तुला शंभरदा समजावलंय आणि तू शंभरदा जांभई दिली आहेस. एकदा परत ऐक, याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. होडीची लांबी, वजन, शिडांची मापं आणि वरच्या माणसांचं वजन कॉम्प्युटरला द्यायचं. तो सांगतो, ही होडी अमुक वाऱ्यात मैलाला एवढे सेकंद घेईल. जिला जास्त लागणार तिला तेवढी सवलत. वाऱ्याच्या तोंडावर चढताना हा अंदाज बऱ्यापैकी खरा निघतो. वारा पाठीशी आला की मात्र सगळा आनंद. एखादी हलकी होडी लाटेवर बसून पळत सुटते, एखादी नाक खुपसून बसते. मंद वाऱ्यात जी राणी, ती जोराच्या वाऱ्यात म्हैस. म्हणून आपल्या तक्त्यात मंद, मध्यम आणि जोराचा असे तीन रकाने आहेत. बाबा त्या तक्त्याला हवामान खात्याचा धाकटा भाऊ म्हणायचे.

मी दोन हंगामांच्या सगळ्या नोंदी काढल्या आणि जेवणाच्या टेबलावर पसरल्या. तुझे भाऊजी तीन दिवस ओट्यापाशी उभ्याने जेवले. निघालं काय, तर मंद वाऱ्यात पाठीवर वारा घेऊन तुझी होडी तक्त्यापेक्षा मैलाला चौदा सेकंद लवकर येते. कधी तेरा, कधी पंधरा, पण सरासरी चौदाच. म्हणजे डॉक्टर खरे! मला घाम फुटला. पण मग जोराच्या वाऱ्याचा रकाना बघितला तर तीच होडी मैलाला वीस सेकंद उशिरा. अरे, सैल आकडा दिला असता तर ती सगळीकडे पुढे असायला हवी ना? इथे राणी, तिथे म्हैस, आणि दोन्ही तक्त्याला न विचारता. वाऱ्यावर चढतानाही जोराच्या वाऱ्यात तू मागे पडतोस, पण ते मी तुझ्या आळसाच्या खात्यात टाकलं होतं.

मग मी वेड्यासारखी मोजत सुटले. क्लबच्या हॉलमध्ये तुझी शिडं पसरून पायमोज्यांवर रांगत मापं घेतली. बरोबर. डोलकाठी मोजली. बरोबर. टेपच चुकीची असेल म्हणून शाळेच्या सुताराची टेप मागून आणली आणि टेपेने टेप मोजली. सुतार माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ती मी विसरणार नाही. शनिवारी होडी क्रेनला टांगून वजन केलं, तर ती नोंदीपेक्षा तीन किलो जास्तच भरली, म्हणजे रंगाचे थर. आतली एकूण एक वस्तू लिहून काढली. नांगर, दोर, बादली, मागच्या उजव्या कोपऱ्यात बांधलेला निळ्या फोमचा तुकडा. त्याचंही वजन केलं बरं का. दोनशे ग्रॅम. काही म्हणजे काही सापडेना. म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय, आणि माझ्या हाताखालून निसटत असेल तर मुरवणारा तूच.

म्हणून रविवारी तसं बोलले. शर्यतीच्या वेळी होडीतून काय काढून ठेवतोस, असं सगळ्यांदेखत विचारलं. तुझे कान लाल झालेले मी बघितले. लहानपणी न फोडलेल्या काचेबद्दल मार खाताना व्हायचे तसेच. तू दोर खाली टाकलास आणि चालू लागलास. होडीतला तुझा जोडीदार लंबू बिचारा एकदा तुझ्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. मी चुकले रे. हे मी आधीच लिहायला हवं होतं, पण माझ्या जिभेसारखंच माझं पेनही उशिरा वळतं. मला माफ कर.

आता मंगळवारचं. सेक्रेटरी म्हणाले, फॉर्मची एकेक ओळ मोठ्याने वाचा, मी खूण करत जातो, चूक असेल तर अशीच सापडेल. मी वाचत गेले. लांबी, रुंदी, शिडं. मग आलं, होडीवरची माणसं तीन, एकूण वजन दोनशे चौतीस किलो. त्यांनी पेन थांबवलं आणि विचारलं, तीन कोण? मी म्हटलं कोण म्हणजे काय, धाकटा, लंबू, आणि...

तिथेच अडकले. सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसायला घेतला. बराच वेळ पुसत होते.

ब्याण्णव किलो रे. तुझे चौऱ्याहत्तर, लंबूचे अडुसष्ट आणि बाबांचे ब्याण्णव. बाबांना जाऊन दोन वर्षं होत आली, आणि तक्ता अजून त्यांना होडीत बसवून अंदाज सांगतोय. ब्याण्णव किलो जास्त असलेली होडी मंद वाऱ्यात रेंगाळणारच, म्हणून त्याने तुला सवलत दिली, आणि तू दोघांनिशी हलका पळत आलास. झाले चौदा सेकंद. मी टेपेने टेप मोजली, दोनशे ग्रॅमचा फोम लिहिला, आणि त्यावर बसणारा माणूस नाही हे माझ्या लक्षात आलं नाही.

तू म्हणशील, जुना फॉर्म उतरवताना राहिलं असेल. मीही आधी तेच म्हटलं. पण नाही ना! यंदा तुझं पोट सुटलेलं मला दिसलं, तुझे एकाहत्तरचे चौऱ्याहत्तर मी स्वतः केले आणि बेरीज नव्याने मांडली. ब्याण्णव धरून. हातचा घेतलेलासुद्धा मार्जिनमध्ये दिसतोय. म्हणजे मला माहीत होतं की नव्हतं? त्यांच्या दिवसांचं सगळं मी केलं, बँकेतून त्यांचं नाव मी काढलं, कपडे मी वाटले, आणि या एका ओळीवर हात का चालला नाही? खरंच कळत नाही. आठवून आठवून डोकं दुखायला लागलं. आणि खाली तुझी सही आहे. तू न वाचता सही करतोस हे मला माहीत आहे. पण खरंच वाचलं नव्हतंस का रे?

विचारते, कारण जोराच्या वाऱ्यातल्या वीस सेकंदांचं उत्तर फॉर्मात नव्हतं. ते मी काल पंचांच्या होडीवरून काढलेल्या व्हिडिओत बघितलं. वारा पाठीशी, लाटा उठलेल्या, होडीचं नाक खाली जातंय, आणि तुम्ही दोघे मधोमध एकमेकांना चिकटून बसलाय. अशा वेळी कुणीतरी मागे सरकायला हवं, हे शेंबडं पोरही सांगेल. बाबा सरकायचे. त्या उजव्या कोपऱ्यात दाणकन बसायचे, आली बघ वर म्हणून ओरडायचे, आणि ती खरंच वर यायची. मी तो व्हिडिओ सात-आठ वेळा पाहिला. लंबू एकदा मागे सरकायला लागतो, आणि तू हात आडवा घालून त्याला थांबवतोस. त्या फोमवर तुम्ही कुणी बसतच नाही. मी त्यांना कागदावर ठेवलं आणि तू होडीत, आणि दोघांनी एकमेकांना चकार शब्द सांगितला नाही.

चूक माझी, भावाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, असं मी समितीला लिहून दिलंय. ते खरं की खोटं, हे फक्त तुला माहीत. निकाल नव्याने लावले. पहिला कप डॉक्टरांकडे जाईल, नऊ सेकंदांनी. दुसरा चार सेकंदांनी तुझाच राहतो. डॉक्टरांना मी स्वतः भेटून सांगितलं. ते म्हणाले, मला वाटलं होतं तुम्ही लबाडी केलीत, हे असलं काही माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मग मला बसवून पाणी दिलं. मोजायची टेप मी सेक्रेटरींना परत केली आहे.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते. सोबत नवा फॉर्म आहे. शुक्रवारपर्यंत सही करून पाठव, म्हणजे तुझी होडी हंगामात राहील. मालकाची सही लागते, नाहीतर तुला हे करायला लावलं नसतं. माणसांच्या जागी तुझं आणि लंबूचं वजन लिहिलंय. बाबांचं काढलंय, मीच, आज दुपारी, आणि काढून झाल्यावर खूप रडले. तिसरी ओळ कोरी सोडली आहे. दोघंच जाणार असाल तर तिच्यावर रेघ मार, मला राग येणार नाही. पण मोजणीचं काम आता माझ्याकडे नाही, त्यामुळे मी होडीत बसायला कुणाची हरकत नाही. फोम सोडू नकोस, त्या कोपऱ्यात मला कडक लागेल. माझं वजन त्रेसष्ट. आजच सकाळी क्लबच्या काट्यावर केलंय, सेक्रेटरींच्या समोर.

रविवारी धक्क्यावर तुझी वाट बघणारी, तुझीच,
ताई