तांबडीवर बसायचा नंबर

बा, आज सकाळी मैदानावर एवढं धुकं होतं की घोडे दिसायच्या आधी त्यांचे श्वास ऐकू आले. एक आई आपल्या मुलीला कडेवर घेऊन फाटकाशी उभी होती, आत यायला बिचकत होती. मी म्हटलं, "या न वं बाई, गरीब जनावर हाय." बोलले आणि दचकले. इतक्या वर्षांच्या मास्तरकीनं घासूनपुसून टाकलेली तुझी बोली माझ्या तोंडून आपसूक निघाली होती. वाटलं, मागं वळले तर तू दिसशील, धोतराचा सोगा खोचून, आपल्या तांबडी घोडीच्या मानेवर हात टाकून उभा असलेला. म्हणून बराच वेळ मी मागं वळलेच नाही.

मालेगावच्या बाहेर, वाशीमच्या रस्त्याला मी ही जागा सुरू केली आहे. ज्यांचे पाय चालत नाहीत, मान ठरत नाही, डोळ्यांना दिसत नाही, त्यांना आम्ही इथं घोड्यावर बसवतो. चार घोडे आहेत, वर पत्रे आहेत, आठवड्यातून एकदा डॉक्टरीणबाई येऊन कुणाला कसं बसवायचं ते सांगून जातात. लोक विचारतात, हे सुचलं कुठून? मी काहीबाही सांगते. ते तुझ्या अंगणात सुचलं होतं.

रस्त्यावर एसटी धावायला लागली त्या साली तुझ्या तांग्याला सवारी मिळेनाशी झाली. मी सात वर्षांची, तापानं दोन्ही पाय लुळे पडलेली, चुलीपाशी पोत्यावर बसलेली. आई भाकर थापते आहे. काका दारातून म्हणतो आहे, "इकून टाक घोडी. कायले पोसून राह्यला तिले?" तू उठतोस. मला उचलतोस, अंगणात नेतोस आणि तांबडीच्या उघड्या पाठीवर ठेवतोस. आई पिठाच्या हातानं धावत येते, "पाडशीन ना पोरीले!" तांबडी पाऊल टाकते. तिची ऊब माझ्या मांड्यांतून वर चढते, कंबर तिच्या चालीबरोबर डुलायला लागते, आणि मला वाटतं, मीच चालते आहे, चार पायांनी. दुसऱ्या दिवशी तू तांगा विकलास. घोडी ठेवलीस आणि जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायला जाऊ लागलास.

कामावर जायच्या आधी, रोज सकाळी, विहिरीजवळच्या पडीक वावरात तू मला फिरवायचास. आईनं जुन्या गोधडीचं खोगीर शिवलं, त्याला पुढं तू तांग्याच्या वादीची मूठ लावलीस, मला धरायला. वर्षभरात मी मूठ सोडून ताठ बसले, मग कुबड्यांवर उभी राहिले. ते पाहून लोक येऊ लागले. तांड्यावरची एक आंधळी म्हातारी आली. वर बसल्यावर ती इतकी हसली की तिचा पदर सुटला. गावची धडधाकट पोरंही रांगेत लागली. मला राग आला. मी म्हटलं, "यायले पाय हायेत ना?" तू म्हणालास, "मंग काय झालं? येकटे लंगडे बसले त लोक लंगड्यायची घोडी म्हनतीन. समदे बसू दे. जो आला, त्याचा नंबर."

मग बाजारातल्या कापड दुकानाचे शेठ आपल्या मुलीला घेऊन आले. माझ्याच वयाची. लाकडासारखे ताठ पाय एकमेकांत अडकलेले, मान लटकती, लाळ गळती. तू तिच्या मागं बसून तिला छातीशी धरायचास. मला कधी तसं धरलं नव्हतंस, मी पडत नव्हते म्हणून. पाचव्या दिवशी मी शेठाणीला हळूच सांगितलं, "घोडी चावते. मले चावली." दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत.

तू रोज विहिरीपाशी थांबून बाजाराकडच्या वाटेकडे पाहत राहायचास. आठवड्यानं शेठ जिनिंगवर भेटले आणि तुला कळलं. तू ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू मला तांबडीवरून उतरवलंस, कुबड्या दिल्यास आणि म्हणालास, "घोडी तुयी नाही. मायीबी नाही. जा, सांगून ये." बाजारापर्यंतची ती वाट अजूनही माझ्या झोपेत येते, आणि झोपेत ती संपत नाही. दुकानात गिऱ्हाईकं होती. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "शेठाणीबाई, मी लबाड बोलली. घोडी कोनालेच चावत नाही." त्यांनी गिऱ्हाइकापुढचं कापड बाजूला सारलं आणि विचारलं, "काहून बोलली, बेटा?" मी नुसती रडले.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. धुकं असंच होतं. तू मागं बसलास, लगाम माझ्या हातात दिलास, आणि मी तांबडीच्या खांद्याला टेकत टेकत, एका कुबडीवर, चालले. दोन फेऱ्यांनंतर तिचे पाय सुटले. ते ताठ पाय तांबडीच्या उबेनं हळूहळू सैल झाले, अलग झाले. तिच्या तोंडून एक लांब आवाज आला. शेठाणीनं तोंडाला पदर लावला. तू म्हणालास, "हासून राह्यली व पोरगी."

ती तरुणपणीच गेली. पण मी जागा शोधत होते तेव्हा तिचा धाकटा भाऊ, आता तोही म्हातारा, आपणहून आला आणि हे वावर देऊन गेला. त्यालाही तू उचलून बसवलं होतंस, म्हणाला.

हे पत्र कुठं टाकणार मी? वैरणीच्या खोलीत ठेवून देईन. एक सांगते. आज त्या आईला मी म्हटलं, लेकरू आमच्या हाती द्या, भरवसा ठेवा. रोज म्हणते. पण तू गेल्यापासून मी स्वतः एकदाही घोड्यावर बसलेले नाही. इथं मदतीला येणारी पोरं आग्रह करतात, लगाम धरायला चार जण उभे राहतात, पण त्यांत तू नसतोस. कंबर दुखते, असं मी सगळ्यांना सांगते. दुखत नाही, बा.